साठ वर्षं फरारी असलेला इसम

काशीरामचा उजवा हात कोपरापर्यंत म्हाताऱ्याच्या झोळीत होता, आणि म्हातारा मोठ्या अदबीनं झोळीचं तोंड रुंद करून धरत होता. काशीरामला नेमकं हेच आवडलं नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं हजारो झोळ्या, टोपल्या, ओचे, पागोटी आणि एकदा तर मुंडावळ्यांसकट नवरदेवाचा फेटा तपासला होता. पण झडती देणाऱ्यानं मदत केली असं कधी झालं नव्हतं. मदत करणाऱ्याकडं नक्की काहीतरी असतं, एवढं काशीरामला कळत होतं.

पनवेलच्या खाडीकाठी, मिठागरातून येणारी पायवाट जिथं गावाच्या रस्त्याला मिळते, तिथं मीठ खात्याचा नाका होता. नाका म्हणजे एक आडवा बांबू, एक पत्र्याची खोली आणि काशीराम. मिठागरातून येणाऱ्या प्रत्येकानं तिथं थांबून अंगावरचं, डोक्यावरचं आणि काखेतलं दाखवायचं.

झोळीतून एक पितळी पेला, एक लाकडी फणी, अर्धी भाकरी आणि घड्या घातलेले चार कागद निघाले. मीठ निघालं नाही. काशीरामनं भाकरीचा कोपरा तोडून जिभेवर ठेवला. भाकरीतसुद्धा मीठ बेताचंच होतं.

"हे कागद जप्त," काशीराम म्हणाला.

"जप्तीस हरकत नाही," म्हातारा म्हणाला. "मात्र सदर कागदांची पोचपावती मिळावी, ही नम्र विनंती."

म्हाताऱ्याचं मराठी असं होतं त्याला कारण होतं. तो सिंधमधल्या शिकारपूरचा. तिथल्या पोस्टाच्या पायरीवर बसून चाळीस वर्षं त्यानं लोकांची पत्रं लिहिली होती आणि लोकांना आलेली वाचून दाखवली होती. पोस्टमास्तर होता पुण्याचा एक जोशी. त्याच्याकडून म्हातारा मराठी शिकला, आणि जोशीबुवा पोस्टाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलत नसल्यामुळे म्हाताऱ्याला तेवढंच मराठी येत होतं. सखूबाईकडं भाकरी मागताना तो 'सदर भाकरी मिळाल्यास आभारी राहीन' म्हणे. रात्री डास चावले तर सकाळी 'वारंवार तक्रार करूनही दखल घेतली गेली नाही' असं सांगे.

फाळणीनंतर फिरत फिरत तो इथं आला होता, आणि चार महिन्यांपासून मिठागराच्या बांधावरच्या पडक्या शेडमध्ये राहत होता. दाढी पिरासारखी, मनगटात शिखासारखं लोखंडी कडं, गळ्यात तुळशीची माळ. तीन बाजूंनी पाहिलं तर तीन माणसं दिसत. निजामाच्या हैदराबादचं प्रकरण होऊन सहा महिनेही झाले नव्हते. पनवेलात अनोळखी दाढी दिसली की निम्मे लोक तिला रझाकार म्हणत आणि उरलेले निम्मे सीआयडी. म्हातारा दिवसभर बांधावर बसून स्वतःच रचलेलं काहीतरी गाई, आणि मिठागरातल्या बायका त्या चालीवर मीठ ओढत. मीठ पूर्वीपेक्षा जास्त निघतं, असं मुकादम सांगे. काशीरामच्या मते हीसुद्धा संशयास्पद बाब होती.

"कोनाला लिवलेत हे?" त्यानं विचारलं.

"एकाच इसमाला."

"नाव?"

"नावं बरीच आहेत. राम म्हणतात, रहीम म्हणतात, सतनाम म्हणतात. पत्ता बदलत असतो, घेणारा तोच."

काशीरामचे कान टवकारले. बावीस वर्षांत त्यानं तीन राम, दोन गोविंद आणि एक प्रत्यक्ष विठ्ठल मिठासकट पकडला होता. नावावरून माणसाबद्दल काही ठरवायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"कवापासून वलखता त्याला?"

"ओळख नाही. साठ वर्षं शोध चालू आहे."

"शेवटचा कुठं दिसला?"

म्हाताऱ्यानं विचार केला. "आत्ताच. आपण झोळीत हात घातलात तेव्हा."

काशीरामनं मागं वळून पाहिलं. मागं फक्त बांबू होता.

खरी गोष्ट अशी होती की काशीरामला त्या आठवड्यात कोणीतरी सापडणं फार गरजेचं होतं. मिठावरचा कर उठून येत्या एप्रिलात दोन वर्षं होणार होती. कर होता तेव्हा मिठाची चोरी होती, चोरी होती म्हणून झडती होती. आता मीठ कोणीही, कुठूनही, कितीही न्यावं. चोरायचं म्हटलं तरी चोरता येत नव्हतं. तरी नाका बंद करा असं कोणी लिहून पाठवलं नव्हतं, म्हणून काशीराम रोज सकाळी बांबू आडवा करत होता. बायका टोपल्या उतरवून दाखवत होत्या. कर उठल्याचं त्यांनाही ठाऊक होतं, पण काशीरामला कसं सांगायचं हे कोणाला सुचत नव्हतं.

आणि आता लिहून आलं होतं. मंगळवारी मोठे साहेब येणार. कुठले नाके ठेवायचे आणि कुठले मोडायचे, ते जागेवर पाहून ठरवणार.

नाका मोडला तर काशीरामला गव्हाणला परतायचं होतं, थोरल्या भावाच्या घरी. आनंदा भाऊ चांगला होता, जमीन होती, बायको भामा तिथंच राहत होती. अडचण एवढीच की गव्हाणचे निम्मे लोक याच मिठागरात कामाला. पाळण्यातलं पोर सोडलं तर काशीरामनं झडती न घेतलेला माणूस त्या गावात उरला नव्हता. सासूबाई गंगाबाईंचा कुंकवाचा करंडा त्यानं लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात उलटा केला होता. सणावाराला तो घरी गेला की ओटीवरच्या गप्पा एकदम पेरणीवर जात, मग महिना कोणताही असो. बावीस वर्षांत त्याला कोणी आपण होऊन चहा विचारला नव्हता. नाका होता तोवर तो सरकारचा शिपाई होता. नाका गेला की लोकांच्या ओच्यात हात घालणारा माणूस, एवढाच उरणार होता.

म्हणून त्यानं कागद कनवटीला लावले. जाता जाता सखूबाईनं त्याला गाठलंच. ती मीठ वाहणाऱ्या बायकांची म्होरकी. म्हाताऱ्याला भाकरी तीच द्यायची.

"काशीदादा, म्हाताऱ्याचे कागद कशाला नेलं? तुमचा काय बिघरवला त्यानं?"

"सरकारी काम हाय."

"सरकारचा मीठ सुटला, मानसं सुटली," सखूबाई म्हणाली. "तुमीच काय ते अडकलाव."

रविवारी काशीराम गणवेश घालून पनवेलात गेला. चार कागदांपैकी एक उर्दूसारख्या अक्षरांत होता. तेव्हा पहिली पायरी उर्दू शाळेच्या मोहिद्दीन मास्तरांची.

दारात खाकी गणवेश पाहून मास्तरांनी आधी आपले दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. त्यांचं सासर मिठागराच्या वाटेवर होतं, सवय लागलेली. काशीरामनं झडती नाही म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा आणखी उतरला. झडतीखेरीज खाकी माणूस मुसलमानाच्या दारात कशाला येतो, असा तो काळ होता. कागद त्यांनी हातात घेतला नाही. काशीरामला धरायला लावला आणि हात मागं बांधून लांबून पाहिला.

"हे माझं नाय," ते म्हणाले.

काशीराम म्हणाला, तुमचं नाही ते ठाऊक आहे, नुसतं वाचा.

"मी वाचला की माझं होईल."

बरीच घासाघीस झाली. शेवटी काशीरामनं आपली टोपी काढून चौरंगावर ठेवली, म्हणजे आता हा खाजगी मामला. मग मास्तर चष्मा पुसून पुढं झाले आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला. अक्षरं तीच होती, पण एकेका अक्षरावर चार चार नुक्ते होते. "हे उर्दू नव्हे," ते चिडून म्हणाले. "उर्दूला गोवर आलाय हा." सिंधी असावं, असा त्यांनी अंदाज केला, मग बोट धरून, अडखळत, अर्धं समजून अर्धं जुळवून त्यांनी ओळ लावली. *रामाला मी हाक मारली, गल्लीत उभा राहून.*

मास्तर थांबले. पुन्हा वाचलं. राम तिथंच होता.

"काशीराम," त्यांनी आवाज खाली आणला, "आमच्या अक्षरात तुमचा देव लिवतो म्हणजे काहीतरी भानगड हाय. तुमच्या लोकांनी बघितलं तर म्हणतील आमी लिवला. आमच्या लोकांनी बघितलं तर म्हणतील मी शिकवला. तौबा. माझं नाव कुठं घेऊ नको, भाऊ."

पण 'भाऊ' म्हणून झालं होतं, आणि ओळ मास्तरांच्या डोक्यात बसली होती. गल्लीच का, रस्ता का नाही, यावर ते बोलू लागले. हाक मारणारा घाबरलेला असावा, असं त्यांचं मत पडलं. काशीरामच्या मते तो नशेत असावा. वाद लांबला. आतून चहा आला. काशीरामपुढं कप ठेवला गेला तेव्हा, हा कोणाला, म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं.

दुसऱ्या कागदावरची अक्षरं मास्तरांनाही लागेनात. ही शिखांची दिसतात, मुंबई-पुणे रस्त्यावर एका शिखाचा ट्रक तीन दिवस आस मोडून पडलाय, त्याला विचार, असं ते म्हणाले.

बलकार सिंग नावाचा तो ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत खाटेवर झोपला होता. त्यानं काशीरामचा गणवेश पाहिला आणि न विचारता गाडीचे कागद काढले. काशीरामनं स्वतःचा कागद पुढं केला. दोघं काही वेळ एकमेकांचे कागद हातात धरून उभे राहिले.

बलकार सिंगनं ओळ भरभर वाचली, मोठ्यानं. भाषा त्याची नव्हती, पण शेजारची होती. *दार उघडलं रहीमानं, हाती कंदील घेऊन.* मग त्यानं काशीरामच्या गळपट्टीला हात घातला आणि 'किसने भेजा तुझे' एवढंच विचारलं. त्याचं गाव लाहोरच्या पलीकडं होतं. त्या गावात शेवटच्या दिवशी कोणी कोणाला दार उघडलं आणि कोणी नाही, हे काशीरामला ठाऊक असायचं कारण नव्हतं. काशीराम म्हणाला, एक म्हातारा आहे, वेडा असावा, संशयित आहे. मग हात सुटला. ड्रायव्हरनं ओळ पुन्हा वाचली, या वेळी हळू. कागद मला दे, म्हणाला. काशीरामनं पुराव्याची बाब असल्याचं सांगितलं. बलकार सिंगनं मान डोलावली, डब्यातून पराठा काढला, अर्धा मोडून काशीरामला दिला, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिला. मीठ जरा जास्त होतं. काशीरामनं तसं सांगितलं नाही.

तिसरा कागद बाळबोध अक्षरांत होता. तो काशीरामनं परतताना करंजाड्याच्या वाटेवर, बांधावर बसून स्वतःच वाचला. तिसरीपर्यंत शाळा झाली होती. *सतनाम आतून विचारी, बाहेर कोण उभा आहे?*

त्यानं तिन्ही कागद मांडीवर ओळीनं मांडले. आता कुठं त्याला कळलं की हे तीन कागद नव्हतेच. एकच बोलणं तीन तुकड्यांत होतं. आणि ते अख्खं ऐकलेला माणूस पनवेल तालुक्यात आपण एकटे आहोत, हेही त्याच्या ध्यानात आलं. त्याला थोडं भारी वाटलं. लगेच त्याला आपलाच संशय आला.

सोमवारी सकाळी तो शेडवर गेला. म्हातारा पेल्यातलं पाणी पीत होता.

"कोणाकोणाकडे गेलात?" म्हाताऱ्यानंच चौकशी सुरू केली.

काशीरामनं सांगितलं.

"त्यांनी काही खायलाप्यायला दिलं?"

"मास्तरांनी चहा दिला. शिखानं अर्धा पराठा."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "म्हणजे टपाल पोचलं," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं ते काशीरामनं शेडच्या खांबाला टेकून ऐकलं. शिकारपुरात तो हे असंच करायचा. हिंदूला द्यायचा कागद मुल्लाच्या अक्षरांत लिहायचा, मुसलमानाचा गुरुद्वाऱ्यातल्या अक्षरांत, शिखाचा ब्राह्मणाच्या. कोणालाच आपला कागद आपल्या घरी वाचता येऊ नये. वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जावं लागे. दारात गेलं की बसावं लागे, बसलं की पाणी तरी मिळे. ओळ चांगली की वाईट, हा पुढचा प्रश्न. लोक वैतागायचे. पण जायचे. तीस वर्षं असं चाललं. मग एका महिन्यात निम्मी अक्षरं उठून इकडं आली आणि निम्मी तिकडंच राहिली. आता कागद लिहिला तरी वाचायला कोणाच्या दारात पाठवायचं?

"आपण पहिलेच," तो म्हणाला. "इथं आल्यापासून एकही पत्र पोचलं नव्हतं. आपल्या संशयाचा मी अत्यंत आभारी आहे."

काशीरामनं कनवटीला हात घातला. त्यानं चौथा कागद पुढं केला. त्यावर नुसत्या काड्या आणि वेलांट्या होत्या. मास्तरांनी तो उलटा धरला होता, ड्रायव्हरनं आडवा.

"ही वाण्यांची अक्षरं. शिकारपूरच्या पेढीवरची. काना मात्रा काही नसतं. लिहिणाऱ्यालासुद्धा दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही."

"मंग काय लिवलंय?"

"प्रश्न तिसऱ्या कागदावर आहे," म्हातारा म्हणाला. "चौथ्यावर उत्तर. मी सांगितलं तर आपण कोणाच्या दारात जाणार नाही."

मंगळवारच्या साहेबासाठी अहवाल काशीरामनं सोमवारी दुपारीच लिहिला. तो खुळा नव्हता. हा साठ वर्षं न सापडणारा इसम कोण, हे त्याला रविवारच्या चहापासून नीट कळलं होतं. साहेबाला ते कळू नये, एवढीच त्याची अपेक्षा होती. त्यानं तीनदा शाई बुडवली, दोनदा कागद बाजूला सारला. खिडकीतून बायका मीठ ओढताना दिसत होत्या, म्हातारा गात होता. मग त्याच्या डोळ्यांपुढं आनंदाच्या ओटीवरचे लोक आले, भर उन्हाळ्यात पेरणीवर बोलणारे, आणि त्यानं एका दमात लिहून टाकलं:

'मिठागराच्या बांधावर एक इसम विनापरवाना राहत असून त्याजपाशी चार निरनिराळ्या लिपींतील मजकूर सापडला. सदर इसमाचे राम ऊर्फ रहीम ऊर्फ सतनाम या नावाच्या इसमाशी संधान आहे. सदर ऊर्फ इसम साठ वर्षे फरारी असून वारंवार पत्ता बदलतो, असे तो स्वतः कबूल करतो. सदर ऊर्फ इसम नाक्याच्या आसपास वावरत असल्याचेही त्याचे म्हणणे आहे. सबब नाका चालू ठेवणे इष्ट.'

यात खोटं एक अक्षर नव्हतं. काशीरामनं दोनदा तपासलं.

साहेब मद्रासकडचे होते. त्यांना मराठी येत नव्हतं. बरोबरच्या कारकुनानं अहवालाचं इंग्रजी केलं. कारकून दुपारी जेवून आलेला असल्यामुळे त्यानं शब्दाला शब्द ठेवून केलं. साठ वर्षांच्या जागी साहेबांनी दोनदा 'सिक्स्टी?' असं विचारलं. कारकून हो म्हणाला. मग साहेबांनी बांबूकडं, पत्र्याच्या खोलीकडं आणि खाडीपलीकडच्या तिवरांकडं बराच वेळ पाहिलं. साठ वर्षं सापडत नाही तो माणूस हुशार असणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी नाका कायम केला. शिवाय एक जादा कंदील मंजूर केला.

म्हाताऱ्याला न्यायला बुधवारी पनवेलहून दोन पोलीस आले. बेड्या वगैरे काही नव्हत्या. निर्वासित माणूस निर्वासितांच्या छावणीत हवा, इथं मिठात काय करतो, असा साधा हिशेब होता. कल्याणच्या कॅम्पात पोचवायचा. बायकांनी काम थांबवलं. सखूबाईनं फडक्यात भाकरी आणि सुकट बांधून दिली.

नाक्यावर आल्यावर म्हातारा आपण होऊन थांबला, झोळी खांद्यावरून उतरवली आणि तोंड रुंद करून काशीरामपुढं धरली. पोलीस हसले. काशीरामनं झोळीत हात घातला. हातातले तीन कागद आत सोडले आणि हात बाहेर काढला. मग चौथा काढून पुढं केला.

"तो राहू द्या," म्हातारा म्हणाला. "अद्याप पोचलेला नाही."

"मी सरकारला लिवलं," काशीराम म्हणाला. "तुमच्याविषयी. मीच लिवलं."

"कल्पना आहे. अक्षर चांगलं काढलं होतंत ना?"

काशीराम हो म्हणाला. म्हातारा बांबूखालून वाकून गेला.

नाका राहिला. रोज सकाळी बांबू आडवा होई. बायका येत, सांगायच्या आधी टोपली उपडी करत, ओचा झाडत, तळहात पुढं करत आणि जात. पूर्वी त्या निदान कुरकुर करायच्या, टोमणे मारायच्या. सखूबाईचा एखादा शब्द तर दुपारपर्यंत कानात राहायचा. आता ती त्याच्याकडं पाहतच नसे. मिठागरात गाणंही होत नव्हतं. मीठ पूर्वीइतकंच निघू लागलं. जादा कंदील आला, त्याची काच वाटेत फुटली होती.

एप्रिलात काशीरामनं चार दिवसांची रजा मागितली. बावीस वर्षांतली पहिली, म्हणून खात्यानं कारण विचारलं. त्यानं 'टपाल' असं लिहिलं.

कल्याणच्या कॅम्पात बराकीमागं बराकी होत्या, आणि हजारो माणसं. कचेरीतल्या माणसानं वही उघडून नाव विचारलं. काशीरामनं सगळं केलं होतं. झोळी तपासली, भाकरी चाखली, कागद वाचून घेतले, अहवाल लिहिला. पण म्हाताऱ्याचं नाव त्यानं कधी विचारलंच नव्हतं. त्यानं दाढी सांगितली, कडं सांगितलं, माळ सांगितली. वहीवाला म्हणाला, ही तीन माणसं झाली, एक सांगा.

मग तो बराकींतून विचारत फिरला. एकानं सांगितलं, असा म्हातारा होता, तो अजमेरला गेला. दुसरा म्हणाला, अमृतसरला. एका बाईनं आपल्या डोळ्यांनी त्याला हरिद्वारच्या गाडीत चढताना पाहिलं होतं. तिघंही शपथेवर सांगत होते आणि काशीराम तिघांच्याही चेहऱ्याकडं पाहत होता. बावीस वर्षं त्यानं चेहरेच पाहिले होते. तिघांतला एकही खोटं बोलत नव्हता.

संध्याकाळच्या आधी तो एका बराकीच्या दाराशी टेकला. दारात एक म्हातारी पापड लाटत होती. खाकी कपडे पाहून तिनं आधी पापडांवर फडकं ओढलं. काशीरामनं टोपी काढली आणि कागद पुढं धरला. शिकारपूर, एवढंच तो म्हणाला. म्हातारीनं हात पदराला पुसले, कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. तिसरी ओळ काशीरामनं तिला तोंडानं सांगितली. मोडक्या हिंदीत सांगितली: सतनाम आतून विचारतो, बाहेर कोण उभा आहे. पुढचं यात आहे. वाचा.

तिनं त्याला आत बोलावलं. चटईवर बसवलं, पाणी दिलं, एक पापड भाजून हातात ठेवला. मग ती कागदावर डावीकडून उजवीकडं बोट फिरवत हळूहळू बोलली. ते हिंदी-सिंधी मिसळलेलं बोलणं काशीरामला लागलं ते असं: *बाहेर कोणी नाही, साईं, सगळे आत आलेत.*

काशीरामनं पापड संपवला. पुन्हा एकदा वाचा, म्हणाला.

तिनं पुन्हा बोट ठेवलं. बोट आता उजवीकडून डावीकडं गेलं. *आम्ही सगळेच बाहेर आहोत, साईं, दार उघडं ठेव.*

शेजारच्या ओट्यावर दोन वयस्कर वाणी बसले होते. त्यांच्यापुढं वही उघडी होती, आणि वहीत नुसत्या काड्या आणि वेलांट्या होत्या. काशीरामला ते आत येतानाच दिसले होते.

म्हातारी त्याच्याकडं पाहत होती. तिनं पदर नीट केला.

"बरोबर हाय," काशीराम म्हणाला. त्यानं कागद घडी करून टोपीत ठेवला, आणि आणखी थोडं पाणी मागितलं.